डाव्या रेषेवरून शेवटच्या फळीपर्यंत : श्वाइनश्टायगर मागे मागे का सरकत गेला?

८ जुलै २००६, श्टुटगार्ट. जर्मनीतल्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनी आणि पोर्तुगाल समोरासमोर आहेत. एकवीस वर्षांचा एक पोरगेला खेळाडू डाव्या बाजूला चेंडू घेतो, उजव्या पायावर घेत आत वळतो आणि लांबूनच फटका हाणतो. गोल. थोड्या वेळाने त्याच्याच फ्री किकवर पोर्तुगालच्या पेटिटचा पाय लागतो आणि स्वयंगोल होतो. मग पुन्हा एकदा डावीकडून आत, पुन्हा लांबून फटका, पुन्हा गोल. जर्मनी ३-१ ने जिंकते आणि तिन्ही गोलांच्या मुळाशी तोच असतो, बास्टियन श्वाइनश्टायगर.

आता आठ वर्षं पुढे या. २०१४ च्या अंतिम सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर हाच माणूस बरोबर मधोमध, बचावफळीच्या पुढ्यात उभा आहे. लांबून फटके नाहीत, रेषेवरची धावाधाव नाही. अर्जेंटिनाचा प्रत्येक हल्ला त्याच्या अंगावर येऊन मोडतो आहे. आणखी चार-पाच वर्षांनी तो अमेरिकेत शिकागोच्या संघात दिसतो, तेव्हा तो आणखी मागे, तिघांच्या बचावफळीत मधला म्हणून खेळतो आहे.

म्हणजे २००२ ते २०१९ या सतरा वर्षांत हा खेळाडू मैदानावर एकेक पायरी मागे सरकत गेला. फुटबॉलमध्ये कौतुक होतं ते गोल मारणाऱ्याचं, त्यामुळे मागे सरकणं म्हणजे बढती हुकणं असं आपल्याला वाटतं. श्वाइनश्टायगरच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. तो जितका मागे गेला तितका मोठा होत गेला. असं का झालं, हे कळलं की फुटबॉलमधली मधली फळी नेमकं काय काम करते तेही कळतं. म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घेऊ

जर्मनीत मधल्या फळीतल्या खेळाडूंची ओळख आकड्यांनी होते. 'झेक्सर' म्हणजे सहा नंबरवाला, 'आख्टर' म्हणजे आठ नंबरवाला आणि 'त्सेनर' म्हणजे दहा नंबरवाला. हे आकडे पाठीवरच्या शर्टाचे नव्हेत, कामाचे. श्वाइनश्टायगर बायर्न म्युनिक या क्लबकडून कायम ३१ नंबरचा शर्ट घालायचा आणि देशाकडून ७ नंबरचा. पण काम करायचा सहा नंबरचं.

दहा नंबरवाला आघाडीच्या मागे खेळतो, गोलसाठी शेवटचा पास देतो. आठ नंबरवाला या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, कधी इथे मदतीला, कधी तिथे. सहा नंबरवाला बचावफळीच्या पुढ्यात असतो. समोरच्याचा हल्ला मोडणं हे त्याचं एक काम, आणि चेंडू मिळाल्यावर तो कुठे जाणार हे ठरवणं हे दुसरं. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. दुसरं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

विंगरचं तसं नसतं. विंगर रेषेवर खेळतो. कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्याची एक बाजू जशी रेषेने झाकलेली असते, तशीच विंगरचीही असते. तिकडून कुणी येणार नाही हे पक्कं असतं. त्यामुळे त्याला निम्म्या मैदानाकडे लक्ष दिलं तरी पुरतं. समोर एक बचावपटू, त्याला चकवलं की पुढे मोकळं रान. मधोमध उभ्या असलेल्याला ही चैन नाही. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, कुठूनही कुणीही अंगावर येतं. चेंडू पायाशी आल्यावर आजूबाजूला बघायला गेलात तर चेंडू गेलाच म्हणून समजा. म्हणून चांगला सहा नंबरवाला चेंडू यायच्या आधीच खांद्यावरून दोन-तीनदा मागे बघून घेतो. पुढचा सामना टीव्हीवर बघाल तेव्हा चेंडू सोडून अशा एका खेळाडूच्या मानेकडे पाच मिनिटं लक्ष ठेवा. मान सारखी हलताना दिसेल. त्याच्या डोक्यात मैदानाचा नकाशा तयार होत असतो.

विंगरला पाय लागतात, सहा नंबरवाल्याला डोळे लागतात, असं ढोबळमानाने म्हणता येईल. श्वाइनश्टायगरचे डोळे त्याच्या पायांपेक्षा सरस होते. अडचण एवढीच, की हे लोकांच्या लक्षात यायला सात वर्षं लागली.

डोंगराकडचा पोरगा

त्याचा जन्म १ ऑगस्ट १९८४ चा, वरच्या बव्हेरियातल्या कोल्बरमोर गावातला. लहानपण ओबरआउडोर्फमध्ये गेलं. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं, आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव. तिथली पोरं चालायला लागली की बर्फावर घसरायलाही शिकतात. श्वाइनश्टायगर स्कीइंगच्या शर्यतींमध्येही चांगलाच तयार होता. पुढे जर्मनीचा नावाजलेला स्कीपटू झालेला फेलिक्स नॉयरॉयटर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. एका वळणावर दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली आणि त्याने फुटबॉल निवडला. गावचा संघ, मग रोझेनहाइम, आणि १९९८ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास बायर्न म्युनिकची युवा शाखा.

बायर्नचे तेव्हाचे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी त्याला पहिल्या संघात घेतलं ते नोव्हेंबर २००२ मध्ये, चॅम्पियन्स लीगमधल्या (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) लाँसविरुद्धच्या सामन्यात. बदली खेळाडू म्हणून अगदी शेवटच्या टप्प्यात तो मैदानात उतरला आणि उतरल्या उतरल्या एका गोलसाठी पासही दिला. अठराव्या वर्षी यापेक्षा चांगली सुरुवात कोणती? त्याच मोसमात बायर्नने बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मुख्य साखळी स्पर्धा, आणि जर्मन कप दोन्ही जिंकले.

इथून पुढची सहा-सात वर्षं मात्र चढ-उताराची गेली. २००४ मध्ये तो जर्मनीकडून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, खेळला. परत आला तर बायर्नचे नवे प्रशिक्षक फेलिक्स मागाट यांनी त्याला चक्क राखीव संघात पाठवलं. देशाच्या संघातून थेट राखीव संघात! तिथून तो पुन्हा वर आला. २००६ च्या श्टुटगार्टबद्दल वर लिहिलंच आहे. २००८ च्या युरोमध्ये क्रोएशियाविरुद्ध डोकं फिरलं, समोरच्याला ढकललं आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुढचा सामना बंदीत गेला. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा पोर्तुगाल. यावेळी उजव्या बाजूने खेळत त्याने एक गोल केला आणि त्याच्या दोन फ्री किकवर क्लोझे आणि बालाक यांनी हेडरने गोल केले. जर्मनी ३-२ ने जिंकली.

पोर्तुगालने दोनदा त्याचा हात बघितला हे खरं. पण दर आठवड्याच्या साध्या सामन्यांत तो असा कधीच सलग दिसला नाही. एक दिवस भन्नाट, पुढचे तीन दिवस यथातथाच. लोक त्याला लाडाने 'श्वायनी' म्हणायचे, आणि त्या लाडातच 'हा गुणी आहे, पण अजून पोरकट आहे' असा सूरही असायचा. मला वाटतं, दोष पोरकटपणाचा कमी आणि जागेचा जास्त होता. विंगरकडे शेवटच्या दहा पावलांत समोरच्याला मागे टाकणारा वेग लागतो. श्वाइनश्टायगर दिवसभर धावू शकायचा, पण त्या दहा पावलांत तो कधीच विजेसारखा नव्हता. समोरचा बचावपटू तयार असला की त्याला वळून मागे पास द्यावा लागायचा.

व्हान गाल यांनी काय पाहिलं

२००९ च्या उन्हाळ्यात लुई व्हान गाल बायर्नचे प्रशिक्षक झाले. ऑगस्टमध्ये उजव्या बाजूला आर्यन रॉबेन आला. डाव्या बाजूला फ्रँक रिबेरी आधीपासून होताच. दोन्ही रेषा अडल्या, आता श्वाइनश्टायगर कुठे बसवायचा? वरवर पाहिलं तर त्याला जागा उरली नाही म्हणून मध्ये ढकललं असंच वाटतं. पण व्हान गाल यांचा विचार वेगळा होता. या मुलाच्या पायातून चेंडू सहसा सुटत नाही, तो दमत नाही, आणि दबाव आला की घाबरून चेंडू भिरकावून देत नाही. या तिन्ही गोष्टी रेषेवर अर्ध्याच उपयोगी पडतात. मधोमध आणलं की पूर्ण उपयोगी पडतात.

त्यांनी त्याला मार्क व्हान बॉमेलच्या जोडीला मध्ये उभं केलं. याला जर्मन लोक 'डोप्पेलझेक्स' म्हणतात, म्हणजे सहा नंबरवाल्यांची जोडी. बचावफळीच्या पुढ्यात एकाऐवजी दोघे. एक पुढे गेला की दुसऱ्याने मागे थांबायचं. दोघे एकदम पुढे गेले की मागे खिंडार. हा करार बोलून होत नाही, नजरेने होतो. बॉमेल दणकट, आडदांड, अंगावर जाणारा. श्वाइनश्टायगर चेंडू घेऊन मान वर करणारा. जोडी जमली. त्या मोसमात बायर्नने बुंडेसलिगा आणि जर्मन कप जिंकले. मे २०१० मध्ये माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही खेळले, पण तिथे इटलीच्या इंटर मिलानकडून ०-२ ने हरले.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. जर्मनीचा कर्णधार मिखाएल बालाक इंग्लंडमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात जखमी झाला आणि विश्वचषकाला मुकला. दहा वर्षं जर्मनीची मधली फळी म्हणजे बालाक असं समीकरण होतं. आता काय, म्हणून देशभर हाय खाल्ली गेली. जर्मनीचे प्रशिक्षक योआकिम लोव यांनी श्वाइनश्टायगर आणि सामी खेदिरा ही नवी जोडी उभी केली. ती पुढची चार वर्षं टिकली.

मला विचाराल तर श्वाइनश्टायगरचा सगळ्यात चांगला सामना २०१४ चा अंतिम सामना नाही. तो आहे ३ जुलै २०१० चा, केप टाउनमधला, अर्जेंटिनाविरुद्धचा. तिसऱ्याच मिनिटाला त्याच्या फ्री किकवर थॉमस म्युलरने डोकं लावून गोल केला. त्यानंतर पुढचा सगळा वेळ मेस्सी चेंडू घेऊन वळला की समोर एकतर श्वाइनश्टायगर, नाहीतर खेदिरा. मेस्सीला हवी असते ती बचावफळी आणि मधली फळी यांच्यामधली मोकळी पट्टी. ती पट्टीच या दोघांनी ठेवली नाही. मेस्सीला एकाने चिकटून राहायचं असा हा प्रकार नव्हता. ज्याच्या हद्दीत येईल त्याने घ्यायचं, दुसऱ्याने त्याची पाठ राखायची.

आणि मग चौऱ्याहत्तरावं मिनिट. स्कोअर २-०. श्वाइनश्टायगर डावीकडे चेंडू घेतो, म्हणजे त्याच्या जुन्या जागेवर. एकाला चकवतो, दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि थेट गोलरेषेपर्यंत घुसतो. तिथून फटका मारायचा मोह कुणालाही झाला असता. तो मान वर करतो आणि चेंडू मागे, मोकळ्या जागेत सरकवतो. तिथे आर्ने फ्रिडरिश हा बचावपटू धावत आलेला असतो. चेंडू जाळ्यात, ३-०. फ्रिडरिशचा देशाकडून तो पहिलाच गोल. सामना ४-० ने संपला.

हा गोल पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. तीन माणसांना चकवणारा तो जुना विंगर आहे, आणि शेवटच्या क्षणी मान वर करणारा तो नवा सहा नंबरवाला. अष्टपैलू म्हणजे चार जागी चालवून घेता येणारा खेळाडू, असा अर्थ आपण सहज लावतो. पण एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी बरोबर घेऊन जाणं, हा खरा अष्टपैलूपणा या एका गोलात दिसतो.

पोस्टला लागलेला चेंडू

नोव्हेंबर २०११ मध्ये नापोलीविरुद्ध त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. त्यातून सावरत असतानाच, १० जानेवारी २०१२ ला, तो दिल्लीतही खेळून गेला. बायचुंग भुतियाच्या निरोपाच्या सामन्यात बायर्नने भारताला ४-० ने हरवलं, त्यातला एक गोल त्याचा होता. आपल्याकडच्या अनेकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच.

त्या वर्षी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना म्युनिकमध्ये, म्हणजे बायर्नच्या घरच्या मैदानावर होता. तिथे पोचण्यासाठी उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवावं लागलं. निर्णायक पेनल्टी श्वाइनश्टायगरने मारली.

मग १९ मे २०१२, समोर चेल्सी. सगळा सामना बायर्नने गाजवला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला म्युलरचा गोल, आता संपलंच असं वाटलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला द्रोग्बाने हेडरने बरोबरी केली. अतिरिक्त वेळेत रॉबेनची पेनल्टी पीटर चेकने अडवली. पुन्हा शूटआऊट. चेल्सीची पहिलीच पेनल्टी वाया गेली, पुढे बायर्नचीही एक अडली. गोलरक्षक नॉयरला स्वतः येऊन पेनल्टी मारावी लागली, यावरून बाकीच्यांच्या पायांची अवस्था काय असेल ते समजा. ३-३ असताना पाचवी पेनल्टी घ्यायला श्वाइनश्टायगर आला. धावला, मध्येच क्षणभर थबकला, मारला. चेकच्या बोटांना चाटून चेंडू पोस्टवर आदळला आणि बाहेर आला. त्याने शर्ट वर ओढून तोंड झाकलं. पुढची पेनल्टी द्रोग्बाची. खेळ खलास.

आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर, लहानपणापासूनच्या क्लबसाठी हे असं. या धक्क्यातून पुष्कळ खेळाडू पुन्हा उठलेच नसते.

पुढच्या मोसमात युप हाइंकेस यांच्या हाताखालच्या बायर्नने अॅथलेटिक बिल्बाओकडून हावी मार्टिनेझला चार कोटी युरोंना आणलं. मार्टिनेझ उंच, ताकदीचा, हल्ले मोडण्यात वाकबगार. त्यामुळे श्वाइनश्टायगरला खेळ रचायला मोकळीक मिळाली. या काळातली त्याची एक सवय मुद्दाम सांगतो, कारण ती दिसायला साधी आणि परिणामाला मोठी आहे. नॉयरकडे चेंडू असला की श्वाइनश्टायगर चालत चालत मागे यायचा आणि दोन मधल्या बचावपटूंच्या बरोबरीने उभा राहायचा. त्यामुळे काय व्हायचं? मागे तीन माणसं झाली की लाम आणि अलाबा हे दोन्ही कडेचे बचावपटू बिनधास्त पुढे जायचे. ते रेषेवर गेले की रॉबेन आणि रिबेरी आत सरकायचे. एक माणूस दहा-पंधरा पावलं मागे चालत आला आणि पुढचे चार जण आपापल्या आवडत्या जागी पोचले. त्याने चेंडूला अजून पायही लावलेला नसायचा!

६ एप्रिल २०१३ ला फ्रँकफुर्टमध्ये बायर्नने सहा सामने शिल्लक असतानाच बुंडेसलिगा खिशात घातली. सामना १-० असा सुटला, आणि तो एकमेव गोल श्वाइनश्टायगरचा, टाचेने मागच्या मागे मारलेला. मग उपांत्य फेरीत बार्सिलोनाला दोन सामने मिळून ७-० ने धुतलं. २५ मे ला वेंब्लीवर डॉर्टमुंडला २-१ ने हरवून चॅम्पियन्स लीग, आणि १ जूनला श्टुटगार्टला ३-२ ने हरवून जर्मन कप. एकाच मोसमात तिन्ही करंडक मिळवणारा बायर्न हा पहिला जर्मन पुरुष संघ ठरला. पोस्टला लागलेल्या त्या चेंडूनंतर एका वर्षाने. त्या वर्षीचा जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून श्वाइनश्टायगरचीच निवड झाली.

माराकाना

तिन्ही करंडकांनंतर शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. २०१३ मध्येच घोट्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. २०१४ च्या विश्वचषकाआधी गुडघ्याचं दुखणं निघालं. ब्राझीलमध्ये पहिल्या सामन्यात तो बाकावरच बसून होता. घानाविरुद्ध शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरला. त्यानंतर मात्र प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळला. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यापासून लोव यांनी मध्ये खेळणाऱ्या लामला पुन्हा उजव्या बचावात नेलं आणि श्वाइनश्टायगर-खेदिरा ही जुनी जोडी परत आणली. याच जोडीने उपांत्य सामन्यात ब्राझीलला ७-१ ने लोळवलं.

अंतिम सामना १३ जुलैचा, आपल्याकडे १४ ची पहाट उजाडायची होती, रात्रीचे साडेबारा. सामन्याआधीच्या सरावात खेदिराची पोटरी दुखावली. ऐनवेळी तरुण ख्रिस्तोफ क्रामरला उतरवलं. क्रामरच्या डोक्याला जोरात मार लागला आणि अर्ध्या तासात त्यालाही बाहेर काढावं लागलं. त्याच्या जागी आला आंद्रे श्युर्ले, म्हणजे आघाडीचा माणूस. टोनी क्रूस थोडा मागे सरकला खरा, पण त्याचा पिंड हल्ले मोडण्याचा नव्हे. त्या क्षणापासून हाडाचा सहा नंबरवाला असा श्वाइनश्टायगर एकटाच उरला.

त्यात आणखी एक भर. एकोणतिसाव्या मिनिटालाच त्याला पिवळं कार्ड मिळालं होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सहा नंबरवाल्याकडे शेवटचं हत्यार असतं फाउलचं. समोरचा वेगाने सुटला आणि मागे कुणी नसलं, तर त्याला मैदानाच्या मध्यावरच पाडायचं, पिवळं कार्ड पत्करायचं आणि संघ वाचवायचा. एकदा कार्ड मिळालं की हे हत्यार बोथट होतं, कारण दुसऱ्या पिवळ्यावर लाल. अंतिम सामना, दहा माणसं, समोर मेस्सी. अशा अवस्थेत अतिरिक्त वेळ धरून जवळजवळ दीड तास त्याने तो मधला चौक एकट्याच्या जिवावर सांभाळला, आणि दुसरं कार्ड घेतलं नाही. टॅकल करताना किंचितही उशीर झाला असता तर सगळं संपलं असतं. इतका वेळ अचूक राहायला पाय नुसते मजबूत असून भागत नाही, चेंडू कुठे येणार हे समोरच्याच्या आधी कळावं लागतं.

अतिरिक्त वेळेत अर्जेंटिनाच्या अग्वेरोचा हात त्याच्या चेहऱ्यावर बसला. डोळ्याखाली कातडी फाटली, रक्त गालावरून खाली आलं. रेषेबाहेर डॉक्टरांनी जखम बंद केली आणि तो परत आत आला. त्यानंतर ११३ व्या मिनिटाला श्युर्लेच्या क्रॉसवर मारिओ गोट्झेने गोल केला. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी गोट्झेचा फोटो होता, आणि ते रास्तच आहे. पण ज्यांनी तो सामना जागून पाहिला त्यांच्या डोळ्यांसमोर आजही येतो तो डोळ्याखाली रक्त आणि पायात गोळे घेऊन पुन्हा उभा राहणारा श्वाइनश्टायगर.

उतरणीची वाट

पुढचं थोडक्यात. कर्णधार लाम देशाच्या संघातून निवृत्त झाल्यावर तो देशाचा कर्णधार झाला. २०१५ मध्ये बायर्न सोडून तो मँचेस्टर युनायटेडला गेला, तिथे पुन्हा व्हान गाल होते. बायर्नकडून ५०० सामने, आठ बुंडेसलिगा आणि सात जर्मन कप पाठीशी होते. इंग्लंडमध्ये पहिल्याच मोसमात गुडघ्याने दगा दिला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून जोसे मॉरिन्यो आले आणि त्यांनी विश्वविजेत्याला पहिल्या संघापासून दूर, पोरासोरांबरोबर सराव करायला लावला. मागाट यांच्या वेळचीच गोष्ट बारा वर्षांनी पुन्हा. तेव्हाही त्याने आरडाओरडा केला नव्हता, आताही केला नाही. सराव करत राहिला, परत संघात आला, कपच्या सामन्यात विगनविरुद्ध गोलही केला. आपण त्याच्याशी चुकीचं वागलो, असं मॉरिन्यो यांनीच नंतर जाहीरपणे मान्य केलं.

देशाकडून त्याचा शेवटचा सामना ३१ ऑगस्ट २०१६ ला फिनलंडविरुद्ध झाला. एकूण १२१ सामने, २४ गोल. मार्च २०१७ मध्ये तो शिकागो फायरला गेला. तिथे सुरुवातीला मधल्या फळीत खेळला आणि मग शेवटची पायरी उतरला, तिघांच्या बचावफळीतला मधला.

या जागेला जर्मनीत मोठा वारसा आहे. बेकेनबाउर १९६६ चा विश्वचषक मधल्या फळीतून खेळला आणि नंतर मागे जाऊन त्याने 'लिबेरो' ही जागाच नव्याने घडवली. लिबेरो म्हणजे बचावफळीच्या मागे मोकळा फिरणारा, कुणा एकाला न बांधलेला खेळाडू. लोथार माथेउस १९९० मध्ये मधल्या फळीतून खेळत विश्वविजेता कर्णधार झाला आणि १९९९ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना लिबेरो म्हणून खेळला. दोघेही बायर्नचे. आज योशुआ किमिख उजवा बचाव आणि सहा नंबर यांच्यात ये-जा करतो, तेव्हा त्याने एकाच जागी खेळावं की नाही यावर जर्मनीत तावातावाने वाद होतात. श्वाइनश्टायगरच्या बाबतीत तो वाद कुणी घातला नाही, कारण त्याची वाट एकाच दिशेची होती. पाय मंदावत गेले तसतसा तो अशा जागी गेला जिथून जास्त मैदान समोर दिसतं. रेषेवरून अर्धं मैदान दिसायचं. मधोमध चारही बाजू दिसायच्या, पण पाठीमागचं मान वळवून बघावं लागायचं. बचावफळीच्या मध्यात उभं राहिलं की पाठीमागे फक्त आपला गोलरक्षक, बाकी सगळं समोर.

२८ ऑगस्ट २०१८ ला म्युनिकमध्ये त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला, बायर्न विरुद्ध शिकागो फायर. पूर्वार्धात तो शिकागोकडून खेळला. मध्यंतरात शर्ट बदलला, पुन्हा ३१ नंबरचा लाल शर्ट घातला आणि उत्तरार्धात बायर्नकडून उतरला. स्टेडियममध्ये निवेदकाने 'बास्टियन' म्हटलं की हजारो लोक मिळून आडनाव आणि त्यापुढे 'फुसबॉलगॉट', म्हणजे फुटबॉलचा देव, असं ओरडायचे. ती आरोळी त्या रात्रीही उठली. सामना संपायला सात मिनिटं असताना त्याने गोल केला. बायर्न ४-० ने जिंकलं, आणि हरलेल्या शिकागोचे खेळाडूही येऊन त्याला मिठी मारत होते.